पंचेचाळीसचं गाणं, अठ्ठ्याहत्तरच्या वेगानं

वेणीमाधवनं एखादं काम अंगावर घेतलं की ते आधी वहीत उतरायचं. भौतिकशास्त्रात पहिल्या वर्गात बी.एस्सी. झालेला आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेत, तात्पुरता का होईना, डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागलेला माणूस डोक्यात काही साठवत नाही. डोकं विचार करण्यासाठी असतं. धाकट्या बहिणीचं, लीलाचं लग्न ठरलं तेव्हाही त्यानं दोनशे पानी वही आणली. मांडवाचं क्षेत्रफळ, माणशी किती चौरस फूट, जिलबी माणशी किती ग्रॅम, सगळं लिहून काढलं. अण्णांनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, वही चाळली आणि विचारलं, "यात नवरदेव कुठल्या पानावर आहे?"

नवरदेव पान सतरावर होता. नाव चिंतामणी, कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपात चार्जमन. स्वभावानं इतका अबोल की साखरपुड्याच्या पंक्तीत त्यानं मीठसुद्धा बोटानंच मागितलं होतं. त्याच्या घरच्यांनी हुंडा मागितला नाही, स्कूटर मागितली नाही, घड्याळाचं नावसुद्धा काढलं नाही. लीलाच्या आईला याच गोष्टीची धास्ती वाटत होती. "काहीतरी मागतील गं बाई, काहीतरी नक्की मागतील," असं ती महिनाभर म्हणत होती.

लग्नाला तीन आठवडे राहिले असताना चिंतामणी स्वतः सोलापूरला आला आणि त्यानं मागितलं. पिशवीतून वर्तमानपत्राच्या सात घड्या उलगडून एक लहानशी काळी तबकडी बाहेर काढली, ती दोन्ही तळहातांवर धरली आणि आयुष्यातलं सगळ्यात लांब भाषण केलं.

"वेणीमाधवराव, हे आमच्या रेल्वेतल्या मेंडिस ड्रायव्हरांचं. ते ऑस्ट्रेलियाला गेले कायमचे. जाताना प्लेअर विकला, ही मला दिली. मी पोरगा असताना रोज संध्याकाळी त्यांच्या क्वार्टरच्या पायरीवर बसून हेच ऐकायचो. दीड वर्षात ऐकलं नाही. लीलाला घेऊन मी सोलापूर स्टेशनातून निघेन तेव्हा बँडनं हे वाजवावं. एवढंच."

लीला दाराआड उभी होती. तिनं ते ऐकलं, आणि चिंतामणी गेल्यावर ती भावाला एवढंच म्हणाली, "दादा, त्यांनी पहिल्यांदाच कुणाकडे काही मागितलंय. बघ हं."

"झालं म्हणून समज," वेणीमाधव म्हणाला आणि त्यानं पान अठरा उघडलं.

गाणं विलायतेतल्या एका पॉप ग्रुपचं होतं. ही चार पोरं एरवी गिटारी घेऊन कानठळ्या बसवायची. पण या एका गाण्यात त्यांना काय झालं कोण जाणे, अमेरिकेतल्या गुराख्यांच्या चालीचं, संथ, साधं गाणं त्यांनी गायलं होतं. चिंतामणीनं त्याचा अर्थ एका कागदावर सुवाच्य अक्षरात लिहून दिला होता. एक माणूस प्लॅटफॉर्मवर उभा आहे. त्याची माणसं गाडीत बसली आहेत. तो ड्रायव्हरला म्हणतो, बाबा रे, गाडी जरा हळू हाक, मला त्यांना अजून थोडं पाहू दे. बस. तीन मिनिटं दहा सेकंद तो हेच म्हणतो.

आता ते ऐकायचं कशावर, हा प्रश्न आला. विजेचा रेकॉर्ड प्लेअर ज्या दोन-चार घरांत होता, त्या घरांतले लोक तो पाहुण्यांना लांबूनच दाखवत. शिवाय बँडची तालीम चालायची बाळीवेशीतल्या एका पत्र्याच्या खोलीत, आणि तिथे वीज मुख्यतः बिलाच्या रूपानं येई. तेव्हा शेजारच्या सिद्धलिंगप्पांचा चावीचा ग्रामोफोन हाच एक मार्ग होता. सिद्धलिंगप्पा गिरणीतून निवृत्त झालेले, भजनी मंडळाचे प्रमुख, आणि कुठल्याही गोष्टीत मदत करायला इतके उत्सुक की लोक त्यांना गोष्टी सांगायचं टाळत.

"घेऊन जावा की! चावी बावीस फिरवायची, तेविसावीला स्प्रिंग तुटते," त्यांनी सांगितलं. "पण ह्या तबकडीचं भोक बघा. वाटीएवढं हाय."

वेणीमाधवनं व्हर्नियर कॅलिपर आणून भोक मोजलं. व्यास तीन पूर्णांक ब्याऐंशी शतांश सेंटिमीटर. सिद्धलिंगप्पांनी घरातून मागाची एक जुनी लाकडी बॉबिन शोधून आणली. तिची कड कापून, काचपेपरनं घासून, मधोमध भोक पाडून वेणीमाधवनं अशी चकती बसवली की तबकडी केसाएवढीही हलेना. विज्ञान आणि वस्त्रोद्योग यांचा असा मिलाफ पाहून त्याला स्वतःलाच बरं वाटलं.

दुसरी अडचण वेगाची. ग्रामोफोन मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेणारा, तबकडी पंचेचाळीसची. वेग कमी करायचा खिट्टा पिळून पिळूनही फेरे सत्तरच्या खाली येईनात. पण ज्याला गुणोत्तर येतं त्याला घाबरायचं कारण नसतं. वेणीमाधवनं खिट्टा सोडून दिला आणि गणित मांडलं. गाणं एक पूर्णांक त्र्याहत्तर शतांश पट जलद वाजणार, म्हणजे तीन मिनिटं दहा सेकंदांचं गाणं एक मिनिट पन्नास सेकंदांत उरकणार, आणि सूर हार्मोनियमच्या साडेनऊ पट्ट्या वर चढणार. बँडवाल्यांनी ऐकावं आणि त्या पटीत हळू वाजवावं. यात न कळण्यासारखं काही नव्हतं.

बँडमास्टर संगप्पा हा पन्नाशीचा, सडपातळ, क्लॅरिनेट वाजवून वाजवून गालाला कायमच्या खळ्या पडलेला माणूस. मागे तेरा वादक. ग्रामोफोन सुरू झाला. कर्ण्यातून चार विलायती पोरं उंदराच्या आवाजात, धापा टाकत, दुसऱ्याच कुणाचं तरी लग्न गाठायचं असल्यासारखी गायला लागली. ढोलवाल्याचा पाय आपोआप हलू लागला.

संगप्पाचे डोळे चमकले. "लई भारी, सर! वरातीला एक नंबर!"

"नाही, नाही. हे दुःखाचं गाणं आहे."

"ह्ये?"

"वेग चुकीचा आहे. तुम्ही एक पूर्णांक त्र्याहत्तर पटीनं हळू वाजवायचं."

संगप्पानं आदरानं मान हलवली. शिकलेल्या माणसाला तो तोंडावर नाही म्हणत नसे. मग सावकाश म्हणाला, "सर, रागावू नका. गाण्याला वेग नसतोय. वेग असतोय पायाला. घोडा चालतोय तसं आमी वाजवतोय. पोरं नाचतेत तसं वाजवतोय. म्हातारी माणसं पुढं असली की त्येच गाणं आमी म्हातारं करतोय. तीस वर्सं झाली, आमी घड्याळावर कदी वाजवलं न्हाय."

वेणीमाधवनं हे म्हणणं वहीत टिपलं आणि पुढे 'अशास्त्रीय' असा शेरा मारला.

गाणं बसवायला चार दिवस लागले. बँडवाल्यांना नोटेशन येत नव्हतं. जे काही शिरायचं ते कानातून. तबकडी पुन्हा पुन्हा लावावी लागली. वेणीमाधवनं निरीक्षकाच्या शिस्तीनं तक्ता आखला. रकाना पहिला, वादन क्रमांक. रकाना दुसरा, कालावधी. रकाना तिसरा, खरखर, शून्य ते पाच. पहिल्या वादनात खरखर एक. चौथ्यात दोन. सातव्यात तीन, कारणाच्या जागी त्यानं 'बाळीवेशीतील धूळ' असं लिहिलं. नवव्यात चार. बाराव्या वादनात कर्ण्यातून फक्त कढईत जिलबी सोडल्यासारखा आवाज आला आणि त्या तेलात कुठेतरी दूरवर एक पोरगं बुडत होतं.

"सर, पोरं दमली जनू," संगप्पा म्हणाला.

तक्त्याचा आलेख काढला तर तो अतिशय सुरेख आला. इतका नियमित आलेख धुळीचा येत नाही, हे वेणीमाधवच्या ध्यानात आलं तेव्हा तो प्रयोगशाळेत परीक्षेची यादी करत होता. त्यानं पेन खाली ठेवलं. ग्रामोफोनचं ते लोखंडी मुंडकं सव्वाशे ग्रॅमचं. खाली पोलादी सुई. ती जुन्या जाड खाचांसाठी केलेली. या नव्या तबकडीच्या खाचा केसासारख्या बारीक. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ, हे तो दर जूनमध्ये पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवत असे, आणि ज्यांना येत नसे त्यांना बाकावर उभं करत असे. त्यानं गाणं ऐकवलं नव्हतं, नांगरलं होतं. आणि नांगरताना प्रत्येक फेरीची सही-शिक्क्यासकट नोंद ठेवली होती.

मेंडिस ड्रायव्हर ऑस्ट्रेलियात. दुसरी तबकडी मिळवायला मुंबईला जाऊन आलेल्या मित्रानं सांगितलं की हे गाणं एका हॉटेलच्या ऑर्केस्ट्रानं नुसत्या गिटारीवर वाजवलेलं मिळतं, एका बाईनं गायलेलं मिळतं, ख्रिसमसच्या घंटा लावून केलेलंही मिळतं. ज्यांनी पहिल्यांदा गायलं त्यांचं तेवढं मिळत नाही.

घरी ही बातमी लपवायची होती; म्हणजे दुपारपर्यंत आळीत कळली. लग्नाचा मसाला कांडायला आलेल्या केराबाईनं तबकडी हातात घेऊन उलटसुलट केली.

"सादळली आसंल. खोबरेल लावा अन् उनात ठिवा घटकाभर. पापडाचं बी तसंच आसतंय की."

"केराबाई, हा पापड नाही."

"मग वाजंना का?"

प्रयोग करून पाहिल्याशिवाय एखादी कल्पना फेटाळणं विज्ञानात बसत नाही. वेणीमाधवनं खोबरेलाचं बोट फिरवून तबकडी गच्चीत ठेवली. सोलापूरचा मे महिना होता. पंधरा मिनिटांनी तो वर गेला तेव्हा तबकडीचा द्रोण झाला होता. खोली दोन पूर्णांक चार दशांश सेंटिमीटर. अण्णांनी तो द्रोण पाहिला आणि विचारलं, "पंक्तीला असे किती लागतील, तेही काढलंस का?"

सिद्धलिंगप्पा धावत आले. "गरम हाय तवर दाबा!" समोर आहेराच्या सहा चादरींचा गठ्ठा होता. दोन चादरींच्या मध्ये तबकडी घातली, वर पितळी घागरी भरलेली ट्रंक ठेवली, आणि ट्रंकेवर, खात्री म्हणून, सिद्धलिंगप्पा स्वतः बसले.

याच सुमारास आणखी एक कटकट सुरू झाली. प्लॅटफॉर्मवर बँड वाजवायचा तर लेखी परवानगी हवी होती. ती देणाऱ्या कचेरीतल्या गृहस्थांनी अर्ज वाचला आणि चष्मा कपाळावर चढवला.

"गाण्याचा अर्थ?"

वेणीमाधवनं सांगितला. सन शहात्तर होतं, आणीबाणी चालू होती. गृहस्थ एकदम सावध झाले.

"म्हणजे हा इसम ड्रायव्हरला गाडी हळू चालवायला सांगतो? सध्या गाड्या वेळेवर धावतायत, आणि तुम्ही चौदा वाजंत्र्यांसह येऊन गाडी लेट करा म्हणून सांगणार?"

"गाण्यातला माणूस सांगतो. मी नाही."

"लिहून द्या."

वेणीमाधवनं लिहून दिलं : 'सदर गाण्यातील गाडी परदेशी असून तिचा आपल्या रेल्वेशी संबंध नाही. सदर गाडी वेळेवर गेल्यास आमची हरकत नाही.' मग कालावधीचा रकाना आला. प्रामाणिकपणे त्यानं दोन्ही वेळा लिहिल्या, मूळ आणि ग्रामोफोनवरची.

"एकाच गाण्याला दोन वेळा? अप आणि डाउन आहे का?"

शेवटी परवानगी मिळाली, पण एका अटीवर. तिच्याखाली दोनदा रेघ मारलेली होती : 'बँडने एका जागी उभे राहून गर्दी जमवू नये. चालते राहावे.' चौदा वाजंत्र्यांची प्लॅटफॉर्म तिकिटं वेगळी. वेणीमाधवला ही अट अपमानास्पद वाटली, पण त्यानं ती वहीत उतरवली.

तोवर गाणं सोलापुरात फिरायला निघालं होतं. संगप्पानं ते दोन लग्नांत वाजवून पाहिलं; पोरं घामाघूम होईपर्यंत नाचली. सिद्धलिंगप्पांच्या भजनी मंडळानं त्यावर एक कन्नड पद बसवलं आणि टाळांनी त्याला आणखी पळवलं. लकी चौकात दंतमंजन विकणाऱ्यानं पेटीवर तेच वाजवायला घेतलं आणि शेवटच्या ओळीत दात किडण्याची भीती घातली. सगळ्यांचा वेग अठ्ठ्याहत्तर. वेणीमाधव प्रत्येकाला थांबवून सांगे की हे खरं गाणं नव्हे, खरं संथ आहे. लोक सहानुभूतीनं ऐकत. एकजण म्हणाला, "असू द्या हो. मूळ गाणाऱ्यांना जमलं नसंल. हितं सुधारून घेतलंय."

लग्नाचा दिवस उजाडला. जानवशापासून मांडवापर्यंत वरात निघाली. घोडा तरणा होता, कुर्डुवाडीची वर्कशॉपातली मित्रमंडळी त्याहून तरणी. संगप्पानं क्लॅरिनेट उचललं आणि ते गाणं असं सुटलं की घोड्यानंही दोन पावलं तिरकी टाकली. मित्रमंडळी बेभान नाचली. वेणीमाधव घोड्याशेजारून चालत वर बघत होता. चिंतामणीचा चेहरा शांत होता. मुंडावळ्यांतून वाकून त्यानं विचारलं,

"छान आहे हे. कुठलं?"

वेणीमाधव घोड्याचा लगाम बघू लागला. "इथलंच."

"आणि माझं?"

"स्टेशनवर," वेणीमाधव म्हणाला. आयुष्यात इतक्या ठामपणे तो इतकं निराधार कधी बोलला नव्हता.

चिंतामणी हसला आणि सरळ बसला. ते हसू पाहिल्यावर वेणीमाधवला कळलं की लग्नातल्या बाकीच्या सगळ्या गोष्टी बिघडल्या असत्या तरी चाललं असतं. मुलगी ज्याच्या घरी द्यायची त्यानं एक वस्तू विश्वासानं हातात ठेवली, तीसुद्धा आपण धड परत करू शकलो नाही. तबकडी निदान मुकी का होईना परत द्यावी, म्हणून तो आहेराच्या खोलीत गेला. ट्रंक होती. सिद्धलिंगप्पा होते. गठ्ठा नव्हता.

"आई, चादरी?"

"कुर्डुवाडीच्या बोज्यात बांधल्या की. वर विहिणींचं नावसुद्धा घातलं. का रे?"

बोजा स्टेशनवर गेला होता. म्हणजे आता कबुली द्यायची तर गाडी सुटायच्या आत. नाहीतर कुर्डुवाडीला सासूबाई आहेर उलगडणार आणि चौथ्या चादरीतून जावयाचं बालपण खोबरेल लावून बाहेर पडणार.

चारची पॅसेंजर होती. फाटकाशी वेणीमाधवनं संगप्पाला गाठलं. "मास्तर, पाया पडतो. हळू. एक पूर्णांक..."

"बगू की सर," संगप्पा म्हणाला. तो त्याच्याकडे बघतच नव्हता. तो लीलाकडे बघत होता.

डबा पार पुढे, इंजिनाजवळ होता. लीला फाटकातून आत आली. शालूचा पदर चिंतामणीच्या उपरण्याला बांधलेला, एका बाजूला आई. तिनं एक पाऊल टाकलं आणि थांबली. आई थांबली. गाठ ताणली जाऊ नये म्हणून चिंतामणीही थांबला. मग दुसरं पाऊल. सकाळी जिलब्या मोजून घेणारी, भावाच्या वहीवर हसणारी पोरगी, पण आता तिचे पाय उचलेनात. अटीप्रमाणे बँडला चालत राहायचं होतं. चौदा माणसं तिच्यापुढे, तिच्याच पावलानं चालू लागली, आणि संगप्पानं क्लॅरिनेट ओठाला लावलं.

पहिला सूर निघाला तेव्हा वेणीमाधवला तो ओळखू आला नाही. इतका लांब सूर त्या बँडनं कधी काढला नव्हता. ढोल जवळजवळ गप्प होता. लीलाचा पाय टेकला की एक टोला, मग पुढच्या पावलापर्यंत काही नाही. ट्रंपेट लांबून, इंजिनाच्या शिट्टीसारखं. वेणीमाधवनं सवयीनं प्रयोगशाळेचं स्टॉपवॉच खिशातून काढून दाबलं आणि तो धावत चिंतामणीच्या बाजूला आला.

"चिंतामणराव, मला सांगायचंय. तुमची तबकडी माझ्या हातून गेली. पूर्ण गेली. पोलादी सुई लावली मी. मला कळायला हवं होतं. वाकलीसुद्धा. ती तुमच्या बोज्यात..."

चिंतामणीनं हात वर केला. त्याचे डोळे समोर, क्लॅरिनेटवर होते आणि गालावरून पाणी ओघळत होतं.

"थांबा जरा," तो म्हणाला. "ऐकू द्या."

मग मान न वळवता, "मेंडिस साहेबांच्या पायरीवर असंच वाजायचं."

लीलानं भावाकडे पाहिलं. रडता रडता तिनं भुवया उंचावल्या. जमलं की रे दादा, असं त्या भुवया म्हणत होत्या. वेणीमाधवनं काय जमलं आणि कुणाला, याचा खुलासा लांबणीवर टाकला आणि पुढे होऊन तिच्यासाठी डब्याचं दार धरलं.

ती डब्याच्या पायरीवर चढली आणि गाणं संपलं; वेणीमाधवच्या अंगठ्यानं आपोआप स्टॉपवॉच थांबवलं. गाडी वेळेवर सुटली. त्याबाबत त्यानं दिलेला शब्द पाळला गेला. खिडकीतून हलणारा हात वळणाआड गेल्यावर तो संगप्पाकडे गेला. मास्तर क्लॅरिनेटमधली थुंकी झटकत होता.

"मास्तर, वेग तुम्हाला बरोबर कसा सापडला?"

"मी कुटं सापडवला, सर? पोरगी सासरी चालली. पाय उचलंनात तिचं." संगप्पानं वाद्य फडक्यात गुंडाळलं. "आमी कशाला पळावं?"

वेणीमाधवनं स्टॉपवॉच पाहिलं. मग बाकावर बसून वही काढली, संगप्पाच्या म्हणण्यापुढचा 'अशास्त्रीय' हा शेरा खोडला, आणि तक्त्यातली शेवटची ओळ भरली. वादन क्रमांक तेरा. कालावधी तीन मिनिटं अकरा सेकंद. खरखर, शून्य.